ब्रेव्ह बघितला का कोणी? आमच्या घरात दोन पक्ष झाले

मालव्याची_आई

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, लोकमान्य नगर. मुलीला ब्रेव्ह दाखवला, पिक्सारचा २०१२ चा, ती लाल कुरळ्या केसांची स्कॉटलंडची राजकन्या मेरिडा, धनुष्यबाणवाली. मुलगी सात वर्षांची आहे आणि आत्तापर्यंत तिच्यासाठी राजकन्या म्हणजे चमचमता फ्रॉक, मुकुट आणि शेवटी लग्न, म्हणून मुद्दामच हा लावला. सासूबाई पण बसल्या, त्यांना इंग्रजी समजत नाही तर मी बाजूला बसून मराठीत सांगत होते, आणि नणंदबाई भोपाळहून आल्या होत्या त्या पण होत्या.

पिच्चर संपला आणि वाद सुरू. नणंदबाईंचं म्हणणं की ही पोरगी आईला उलटून बोलते, आईने एवढ्या हौसेने विणलेला पडदा तलवारीने फाडते, जादूचा केक आणून आईला खायला घालते, त्याने आई अस्वल होते, आणि एवढं सगळं करून शेवटी हिच्याच मनासारखं होतं, तर आपल्या पोरी यातून काय उचलणार. सासूबाई एकदम उलट, म्हणाल्या मला तर राणीच आवडली, अस्वल झाली तरी टेबल मांडून काट्या-चमच्याने खायला बघते, बाईची शिस्त सुटत नाही. मुलगी शेवटी हमसून हमसून रडली आणि दुसऱ्या दिवशी परत लाव म्हणून मागे लागली.

मला स्वतःला फार म्हणजे फार आवडला. पण नेटवर बघते तर बरेच लोक म्हणतात की पिक्सारच्या बाकी सिनेमांपुढे हा कमी पडतो, मधेच ढेपाळतो. तुम्हाला काय वाटलं ते सांगा ना, मुलांना कसा वाटला ते पण. आणि ज्यांची मुलं त्या मोठ्या अस्वलाला घाबरली त्यांनी कसं दाखवलं तेही सांगा.

फ्रेम_दर_फ्रेम

मी तेव्हा कॉलेजला होतो, थिएटरमध्ये बघितलेला, आता ॲनिमेशनमध्येच काम करतो (विजय नगर, इंदूरच). ढेपाळतो म्हणणाऱ्यांचं मला समजतं कारण ट्रेलरमध्ये सगळं घोडा, डोंगर, बाण, तीन कुळांचे सरदार असंच होतं, आई अस्वल होते हे कुठे कळूच दिलं नव्हतं. म्हणजे लोक गेले लढाईचा सिनेमा बघायला आणि आत निघालं आई-मुलीचं भांडण, आणि अर्धा वेळ ती अस्वल झालेली आई किल्ल्यातून कोणाला न दिसता बाहेर कशी काढायची याची धावपळ. मला स्वतःला तो भाग आवडतो पण थिएटरमध्ये माझ्या मागच्या रांगेतली मंडळी वैतागली होती हे खरं.

दुसरं कारण पडद्यामागचं आहे. ही गोष्ट ब्रेंडा चॅपमनची, तिच्या स्वतःच्या मुलीशी होणाऱ्या खटक्यांवरून सुचलेली, पिक्सारची पहिली स्त्री दिग्दर्शक ती, आणि २०१० मध्ये अर्ध्या वाटेत तिला काढून मार्क अँड्र्यूजला आणलं. पिक्सारमध्ये मुलगी मुख्य पात्र असलेला हा पहिलाच सिनेमा, तेराव्या सिनेमाला मुहूर्त लागला, आणि त्यातच हे. जोड दिसतो मधे मधे, जादूगारणीचा सीन एका सुरात आहे आणि नदीवरचा मासे पकडायचा सीन वेगळ्याच. पण २०१३ ला बेस्ट ॲनिमेटेड फीचरचं ऑस्कर मिळालं तेव्हा दोघं स्टेजवर होते, आणि तो विभाग जिंकणारी चॅपमन पहिली स्त्री.

आणि केसांबद्दल बोलल्याशिवाय मी जाणार नाही. मेरिडाच्या डोक्यावर कलाकारांनी सुमारे १५०० बटा वेगवेगळ्या घडवल्या आणि त्यातून कंप्युटरने लाखाच्या वर केस उभे केले. कुरळ्या केसाची अडचण अशी की बट घट्ट ठेवली तर ती तारेसारखी ताठ हलते आणि सैल सोडली तर धावताना स्वतःच्या वजनाने सरळ होऊन जाते, म्हणजे कुरळेपणा पण टिकला पाहिजे आणि झुलायला पण पाहिजे, त्याच्यासाठी नवीन सॉफ्टवेअर लिहावं लागलं. आता ते केस कथेत कुठे येतात बघा, समारंभाला आई सगळे केस टोपडयात कोंबते आणि पोरगी एक बट हळूच बाहेर ओढते, आई परत आत सारते. संवाद एक नाही आणि भांडण सगळं कळलं.

रामबागच्या_आजी

अगं मुली, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आमचं जमेल. मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे, नातीबरोबर हा सिनेमा बघितला आणि मला त्यात स्वयंवर दिसलं. आपल्याकडे काय, शिवधनुष्य ठेवलं, मत्स्यभेद ठेवला, पुरुषांनी येऊन जिंकायचं आणि मुलीने हार घालायचा. इथे नियम असा की प्रत्येक कुळाच्या पहिल्या मुलाने स्पर्धेत उतरायचं, आणि ही पोरगी उठते, म्हणते मी पण माझ्या कुळाची पहिलीच, मी स्वतःच्या हातासाठी स्वतः बाण मारणार. आणि तो अंगाला घट्ट बसवलेला झगा बाण ओढताना शिवणीवर टरटर उसवतो, ते बघून माझी नात सोफ्यावर उभी राहिली.

सीता लहानपणी खेळता खेळता ते धनुष्य सरकवायची ही गोष्ट आम्ही मुलींना किती कौतुकाने सांगायचो. पण मग तिच्याच स्वयंवरात तिला उचल म्हणून कोणी म्हटलं नाही, हे नातीने मला विचारलं आणि मला तिला नीट उत्तर द्यावंसं वाटलं, उडवून लावावंसं नाही.

आता इंदूरची गोष्ट घे. राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे, आपल्या पोरी शाळेत पांढरी साडी नेसून हातात पिंड घेऊन अहिल्याबाई होतात. त्यांच्या लेकीची, मुक्ताबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, की जो राज्यातल्या लुटारूंचा बंदोबस्त करेल त्याला मुलगी देईन असा पण अहिल्याबाईंनी लावला आणि यशवंतराव फणशांनी तो जिंकला. मी वर्गात कितीतरी वर्षं हे सांगितलं, त्यात अहिल्याबाईंचं मोठेपण येतं, यशवंतरावांचं शौर्य येतं, आणि मुक्ताबाईला काय हवं होतं हे त्या गोष्टीत कुठे येतच नाही. पुढे यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या. अहिल्याबाईंनी किती विनवण्या केल्या. स्वतः अहिल्याबाईंना १७५४ मध्ये खंडेराव कुंभेरीला पडले तेव्हा सती जाण्यापासून मल्हाररावांनी थांबवलं होतं, आणि त्यांना लेकीला थांबवता आलं नाही. एवढी कर्तबगार बाई, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळं बांधली, आणि घरात लेकीपुढे हात टेकले. म्हणून मला हा सिनेमा पोरकट नाही वाटला. आई आणि मुलगी एकमेकींपर्यंत पोचत नाहीत हे राजवाड्यातलं पण दुःख आहे आणि आपल्या रामबागेतलं पण.

स्पष्ट_बोलते

मी नणंदबाईंच्या पक्षात आहे, आणि रागावून नाही सांगत, मला खरंच वाटतं. आजींनी जे लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला पण सिनेमात राणी एलिनोर काय वाईट करत होती सांगा. तिच्या खांद्यावर चार कुळांची शांतता आहे, लग्न नाही झालं तर युद्ध होईल ही तिची भीती खोटी नाही, शेवटी सरदार एकमेकांवर तलवारी काढतातच ना. नवरा मस्करीत मश्गूल, राज्य ती एकटी ओढते. आणि मुलगी एका परक्या बाईकडे जाऊन म्हणते माझ्या आईला बदलून दे. आई आजारी पडली, अस्वल झाली, तरी कितीतरी वेळ हिचं एकच, माझी चूक नाही, जादूगारणीने फसवलं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, हे वाक्य मी रोज घरात ऐकते, मला ते पडद्यावर गोड नाही वाटलं.

बडोदेकर_लेक

मी बडोद्याहून, लग्नानंतर इकडे आले, माहेर इंदूर म्हणून इथे वाचत असते. स्पष्ट ताई, तुमचं एलिनोरबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं, पण तेच तर सिनेमा पण म्हणतोय असं मला वाटतं. तो दरबाराचा सीन परत बघा. सगळे सरदार भांडतायत, मेरिडा मधे उभी आणि तिला काय बोलावं सुचत नाही, मागे अस्वल झालेली आई लपलीय आणि हातवारे करून तिला एकेक शब्द सांगतेय. मुलगी सुरुवातीला आईच्याच मनातलं बोलते, लग्नाला तयार आहे म्हणायच्या बेतात येते, म्हणजे तिने स्वतःचा हट्ट तिथे सोडलेला असतो, आणि तेव्हा आई मागून नाही नाही करते आणि खुणांनी सांगते की प्रथा मोड, पोरांना त्यांचं मन त्यांचं त्यांना ठरवू दे. मुलीला सूट आईने दिलीय, तिने ओरबाडून नाही घेतली. आणि बोलायची ती धीट पद्धत, सभेत उभं राहणं, ते सगळं आईने लहानपणापासून घोकून घेतलेलंच तिथे कामाला येतं. मी तो सीन बघून माझ्या आईला फोन केला.

अजून एक, राजकन्यांच्या सिनेमात आई असतेच कुठे? स्नो व्हाइट, सिंड्रेला, एरियल, बेल, जास्मिन, एकीची आई नाही. सावत्र आई असते, ती दुष्ट. इथे आई जिवंत आहे, चुकते, चिडते, रागाच्या भरात मुलीचं धनुष्य आगीत टाकते आणि पुढच्या क्षणी स्वतःच काढायला धावते. हे मी दुसऱ्या कुठल्याच राजकन्येच्या सिनेमात नाही बघितलं.

आणि तुम्ही चमचमत्या फ्रॉकचं लिहिलं म्हणून सांगते, २०१३ मध्ये डिस्नीने मेरिडाला आपल्या राजकन्यांच्या यादीत अकरावी म्हणून घेतलं तेव्हा तिचं जे नवीन चित्र आलं त्यात ती बारीक केली होती, खांदे उघडे, झग्यावर चमक, केस बसवलेले, आणि धनुष्यबाण गायब! लोक भयंकर चिडले, ऑनलाइन अर्जावर दोन लाखांच्या वर सह्या झाल्या, खुद्द ब्रेंडा चॅपमननेही जाहीर नाराजी सांगितली. ज्या पोरीने तो घट्ट झगा उसवला तिलाच परत तो घातला. मला आजही त्याचा राग येतो.

दोन_पोरांचा_बाबा

आजी नमस्कार, तुमची पोस्ट मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली.

माझं थोडं वेगळं दुखणं आहे. मला एक मुलगा एक मुलगी, दोघांबरोबर बघितला, मुलगा दहाचा. अर्ध्यात तो म्हणाला बाबा यात सगळी मुलं आणि बाबा मूर्खच का आहेत. आणि खरंच बघा, राजा फर्गस आरडाओरडा करतो, सरदार एकमेकांना बुक्क्या मारतात, लग्नाला आलेली तिन्ही पोरं म्हणजे एक फुशारक्या मारणारा, एक काय बोलतो ते कोणालाच समजत नाही, एक धड उभा राहत नाही. तिळे भाऊ फक्त केक चोरायला. मुलीला उंच दाखवायचं तर मुलांना खाली का दाखवायला लागतं, मला हे खटकलं आणि मी ते मुलासमोर मान्य पण केलं. मग त्यानेच मला दाखवलं की शेवटी दरबारात तीच तिन्ही मुलं उठून बापांना सांगतात की आम्हाला पण आमचं आम्ही ठरवायचंय, त्यांचं पण लग्न कोणी न विचारताच ठरवलेलं होतं. म्हणजे सिनेमा त्यांना विसरत नाही, पण अजून पाच मिनिटं द्यायला पाहिजे होती. एकूण ९३ मिनिटांचा तर आहे.

घाबरण्याबद्दल. मोर्डू म्हणजे तो काळा अस्वल, तो सुरुवातीलाच येतो वाढदिवसाच्या सीनला, मग मधे त्या पडक्या किल्ल्यात, आणि शेवटी दगडांच्या रिंगणात. पडक्या किल्ल्याचा सीन सगळ्यात भारी पडतो कारण अंधार आहे आणि तो एकदम येतो. अमेरिकेत पण याला पीजी दिलंय, म्हणजे आई-बापाने लक्ष ठेवून दाखवावा असा, भीतीदायक सीन आणि थोड्या आचरट विनोदामुळे. मी काय केलं, दिवसा दाखवला, पडदे उघडे, आणि आधीच गोष्ट सांगून टाकली की तो एक राजकुमार होता, भावांशी वाकडं आलं, दहा माणसांची ताकद मागितली आणि अस्वलच होऊन राहिला. गोष्ट माहीत असली की मुलीची भीती कमी झाली, उलट तिला त्याची दया आली.

स्पष्ट_बोलते

बडोदेकर, दरबाराचा सीन आत्ता परत लावून बघितला. आई नाही नाही करते ते बरोबर आहे तुमचं. तरी मी एवढं म्हणेन की मुलगी शेवटी सूर्योदयाला आईला मिठी मारून माफी मागते ते फार उशिरा येतं, आणि माझ्या मुलीसारखी मुलं तिथपर्यंत बघून लक्षात काय ठेवतात, तर बाण आणि घोडा. आई-बापाने शेजारी बसून बघावा असा आहे, टॅब हातात देऊन नाही. एवढं कबूल करा.

बडोदेकर_लेक

हे एकदम कबूल.

मालव्याची_आई

बाप रे, एवढं वाचून मी आधी चहा टाकला. आजी, तुमची मुक्ताबाईंची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या माझं लग्न ठरलं तेव्हा मला फोटो पण नाही दाखवला, आणि हे त्यांनी मुलासमोर पहिल्यांदाच बोललं, माझे मिस्टर बघतच राहिले. नणंदबाईंना सगळ्या पोस्ट पाठवल्यात. त्यांनी फक्त स्पष्ट ताईंच्या पोस्टवर अंगठा पाठवला.

बाबा, आधी गोष्ट सांगायची आयडिया करून बघते. आमच्याकडे अडचण मोर्डूची नाही, तो वाईट आहे हे तिला समजतं. ती घाबरते जेव्हा आईच एकदम खरी अस्वल होते आणि मेरिडावर गुरगुरते, नदीवर मासे खाताना. तेव्हा ती माझ्या मांडीत तोंड लपवते आणि विचारते आई अजून आत आहे का. याला काय सांगायचं?

फ्रेम_दर_फ्रेम

डोळे बघायला सांगा. ते मुद्दाम केलंय. एलिनोर जेव्हा मनाने आई असते तेव्हा त्या अस्वलाचे डोळे माणसासारखे आहेत, बुबुळ वेगळं दिसतं, भुवया हलतात, चालताना पण दोन पायांवर, पाठ ताठ, हात पुढे धरून. आणि अस्वलपण वर आलं की डोळे नुसते काळे होतात, पाय चार होतात आणि मान खाली जाते. नदीवर ती मेरिडापासून दूर जाते तिथे पॉझ करून दोन्ही डोळे दाखवा, आधीचे आणि नंतरचे. माझ्या भाचीला असंच दाखवलं, मग ती पूर्ण सिनेमाभर आई आहे, आता नाही, आता परत आली असं मोठ्याने सांगत बसली, आणि शेवटच्या लढाईत एलिनोर मोर्डूवर धावून जाते तेव्हा तर ती आधी ओरडली की डोळे बघ, आईच आहे. लढते अस्वलाच्या ताकदीने पण तेव्हा ती पूर्ण आई आहे, आणि तो उभा दगड मोर्डूवर पाडते ते पण धक्के देऊन देऊन, ठरवून.

रामबागच्या_आजी

हे मला पण दाखव कोणीतरी, माझं लक्षच नव्हतं डोळ्यांकडे. नात शनिवारी येतेय, परत लावते. आणि मालव्याच्या आई, सासूबाईंना एकदा घेऊन ये रामबागेत, पोहे मी करते.